मरायला ठेवलेला वाफा

शेवग्याचा पाला मागायला गेलं की लोक आधी तुमची शुगर विचारतात. मग गुडघे. मग त्यांच्या कुठल्या तरी मेव्हण्याचे गुडघे. नारायणराव दातारांना हे आधी ठाऊक असतं, तर भोरातल्या आपल्या सोसायटीत ते कापडी पिशवी घेऊन दारोदार फिरलेच नसते. सरळ एसटीत बसले असते, किकवीला उतरले असते आणि रस्त्याकडेच्या एखाद्या झाडाचा पाला ओरबाडून परत आले असते. पण माणूस निवृत्त झाला की त्याला वाटतं आपल्याला वेळ आहे, आणि शेजाऱ्यांनाही वाटतं की याला वेळ आहे. मग जिन्यातल्या जिन्यात तास जातो.

"किती आली?" दुसऱ्या मजल्यावरच्या नीरजाताईंनी दार उघडता उघडताच विचारलं.

"काय किती आली?"

"शुगर हो. जेवणाआधीची सांगा."

"मला शुगर नाही. भाताच्या बियाण्याला लावायला पाला हवाय."

नीरजाताईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग अतिशय समजूतदारपणे म्हणाल्या, "बरं, नसेल सांगायचं तर नका सांगू." संध्याकाळपर्यंत सोसायटीत दोन बातम्या पसरल्या. एक, दातार मास्तरांना साखर निघाली. दोन, ती डोक्यात गेली.

आता हा पाला कशाला, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हालाही तसंच वाटायचं. नारायणरावांनी उभी हयात हायस्कुलात विज्ञान शिकवलं. वेल्ह्याच्या अलीकडे एका वाडीत त्यांची वडिलार्जित तीन भातखाचरं आहेत. ती मानसिंग आणि त्याची बायको बनाबाई वाट्यानं करतात. इंद्रायणी पिकते, आणि दातारांच्या घरात वर्षभर दुसरा तांदूळ शिजत नाही. पण लागोपाठ दोन वर्षं एकच रड झाली. रोहिणीत पालापाचोळ्याचा राब भाजून धुळीत बी पेरायचं, एखादा वळीव येऊन ते उगवायचं, आणि मग पाऊस जो दडी मारायचा तो मारायचाच. विहिरीचं पाणी माणसांना आणि गुरांना कसंबसं पुरणारं, ते रोपाला कुठून आणणार? बोटभर रोप उभ्या उभ्या जळून जायचं. मग मानसिंग गावोगाव लोकांकडे उरलंसुरलं रोप मागत फिरायचा आणि अर्धं रान पडीक राहायचं.

मानसिंग कंटाळला. आणि नेमका याच वेळी नारायणरावांचा मुलगा मंदार, जो पुण्यात कंप्युटरवर बसून काहीतरी करतो (काय करतो ते नारायणरावांना चारदा सांगून झालंय), त्याला एक तंबूवाला भेटला. या तंबूवाल्याचं म्हणणं असं की खाचरं सपाट करायची, त्यावर हिरवंगार गवत लावायचं, गवतावर तंबू ठोकायचे आणि पुण्याच्या लोकांना शनिवार-रविवार त्यात झोपवायचं.

"म्हणजे भात काढून गवत लावायचं?" नारायणरावांनी विचारलं होतं.

"लॉन असतं बाबा ते."

"गवतच ते! आपल्याकडे गवत काढून भात लावतात, गाढवा!"

भांडण बरंच झालं. शेवटी मंदारची आई सौदामिनीबाई मध्ये पडल्या आणि तह ठरला तो असा: या वर्षी रोप जगलं तर भात, जळलं तर तंबू. नारायणरावांनी लगेच जाहीर केलं की शेवग्याच्या पाल्याचा रस काढून, त्यात तीसपट पाणी घालून बी भिजवलं आणि सावलीत सुकवून पेरलं, तर रोप पाण्याचा ताण सोसतं, असं त्यांनी एका कृषी मासिकात वाचलंय, आणि ते हा प्रयोग करणार आहेत. त्यावर मंदारनं एक कलम वाढवलं.

"रोप जगलं तर ते तुमच्या रसानं जगलं हे कशावरून? वळीव जास्त पडला म्हणूनही जगेल. मग पुढच्या वर्षी पुन्हा तीच बोंब. थोडं बी रसाशिवाय पेरा. ते मेलं आणि हे जगलं, तर मी तंबूचं नावसुद्धा काढणार नाही. तुलनेशिवाय निष्कर्ष नाही, असं तुम्हीच शिकवायचात ना?"

स्वतःचंच वाक्य स्वतःच्या तोंडावर येऊन आदळलं की मास्तर माणसाला ते चूक म्हणता येत नाही. नारायणरावांनी कलम मान्य केलं, आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं.

पाला अखेर मिळाला. सोसायटीच्या कुंपणालगत शेवग्याचं झाड होतं, त्याची एक फांदी तोडायला सगळ्यांनी परवानगी दिली, पण कोणती तोडायची यावर एकमत होईना, कारण प्रत्येकाच्या खिडकीसमोरची फांदी प्रत्येकाच्या आमटीची होती. तो पाला नारायणरावांनी घरच्या मिक्सरात वाटला, जुन्या पंच्यातून गाळला. स्वयंपाकघरात ओल्या गवताचा उग्र वास सुटला. सौदामिनीबाईंनी दुसऱ्या दिवशी त्याच भांड्यात खोबऱ्याची चटणी वाटली, बोटानं चाखली, भांडं उचलून नवऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि म्हणाल्या, "हे आता तुमचं." संसाराला इतकी वर्षं झाली, पण मिक्सरच्या भांड्याची वाटणी त्या घरात पहिल्यांदाच झाली.

बी भिजलं. ते सावलीत वाळवायला नारायणरावांनी दिवाणखान्यात जुनी धोतरं अंथरली. आणि नेमका महिना अधिक! अधिकात भिजवलेले तांदूळ धोतरावर पसरलेले दिसले की अख्ख्या महाराष्ट्राला एकच गोष्ट सुचते.

"अय्या, अनारसे?" नीरजाताई दारातूनच म्हणाल्या. "पण तुम्हाला तर जावई नाही!"

"अनारसे नाहीत हो. बियाणं आहे."

नीरजाताई आत आल्या, चष्मा लावला, वाकल्या, आणि त्यांचा चेहराच पडला. सौदामिनीबाईंना बाजूला घेऊन त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, सालासकट भिजवलेत! आधी तांदूळ करून आणायचे असतात गिरणीतून. मला विचारायचं तरी!" त्यांनी तिथंच अनारशांची कृती पहिल्यापासून सांगितली. नारायणराव खुर्चीत बसून ती सगळी ऐकत होते, कारण पंखा बंद ठेवायची आणि कबुतरं हाकलायची जबाबदारी त्यांच्यावर होती.

एवढ्यावर थांबले असते तर ते नारायणराव कसले! त्यांना वाटलं, उद्या मंदार म्हणेल की बाबांनी घरच्या घरी निकाल लावला. त्रयस्थ साक्षीदार हवा. म्हणून ते कृषी खात्याच्या कचेरीत गेले. तिथं टेबलामागे बसला होता कुमार, कृषी सहाय्यक. त्यांना पाहताच तो ताडकन उठला.

"सर! ओळखलं का? मी तुमच्याच हाताखाली शिकलो."

"शिकलास म्हणू नको. बसला होतास म्हण," नारायणराव म्हणाले, कारण विज्ञानात या पोराला काठावर ढकलून पास करताना झालेला मनस्ताप त्यांना अजून आठवत होता.

कुमार मनापासून हसला. अपमान न कळणाऱ्या माणसाशी बोलणं फार अवघड असतं. तो म्हणाला, "सर, साक्षीदार म्हणून मला असं मोकळं येता येत नाही. प्रात्यक्षिक नोंदवावं लागतं." त्यानं कंप्युटर उघडला. पहिली अडचण तालुक्याची. सातबारा वेल्ह्याचा, आणि कंप्युटरला आता वेल्हे माहीत नाही, त्याला राजगड लागतं. नाव बदललंय हे कुमारला ठाऊक, नारायणरावांना ठाऊक, दारात बसलेल्या शिपायालाही ठाऊक. फक्त सातबाऱ्याला आणि कंप्युटरला एकमेकांचं ठाऊक नाही. ती अडचण चहा येईपर्यंत सुटली. मग दुसरी आली.

"सर, प्रात्यक्षिक कशाविरुद्ध म्हणून लिहू?"

"दुष्काळाविरुद्ध. पाण्याच्या ताणाविरुद्ध."

कुमारनं बराच वेळ वरखाली केलं. "तुमच्या भागाला दुष्काळ येतच नाही सर."

"येत नाही कसा? दोन वर्षं रोप जळतंय!"

"येत असंल, पण हितं येत नाही. तुमच्याकडं पाऊस लई. अतिवृष्टी आहे, पूर आहे, दरड आहे, कीड आहे. ह्यातलं काय बी घ्या."

नारायणरावांनी डोक्याला हात लावला. शेवटी कीड घेतली. त्या दिवसापासून दातार मास्तर कागदोपत्री किडीविरुद्ध लढू लागले.

पेरणीच्या दिवशी दोन्ही बियाणी घेऊन नवरा-बायको भोरहून नसरापूरला एसटीनं आणि तिथून पुढे वडापच्या जीपनं वाडीत पोचले. रसाचं बी गोणीत, आणि रसाशिवायचं कोरं बी सौदामिनीबाईंच्या एका जुन्या खणात बांधलेलं. मानसिंगनं राब भाजून ठेवलाच होता. सगळे वाफे रसाच्या बियाचे पेरले, आणि कडेला, वाटेलगत, एक छोटा वाफा कोऱ्या बियाचा. नारायणरावांनी त्याच्याशी एक पाटी रोवली: 'प्रयोग चालू आहे. या वाफ्यास पाणी घालू नये.'

बनाबाई कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होत्या. त्यांनी विचारलं, "मास्तर, त्या सगळ्या बियाला औशीद लावलं. मंग ह्याला का न्हाई?"

"ते तुलनेसाठी आहे. ताण पडला की हा वाफा मरेल आणि ते जगतील. म्हणजे रसाचा गुण सिद्ध होईल."

"म्हंजी ह्यो मरायला ठिवलाय?"

"हो. शास्त्रात तसं करावं लागतं."

बनाबाईंनी पदर तोंडाला लावला. "आवं मास्तर, मरायला कुनी पेरतं व्हय?"

त्यांनी एवढंच विचारलं आणि त्या निघून गेल्या. नारायणरावांना वाटलं, प्रश्न मिटला. माणसाला असं वाटतं तेव्हा प्रश्न नुकताच सुरू झालेला असतो.

ठरल्यासारखा एक वळीव पडला, सगळं बी सरसरून उगवलं, आणि ठरल्यासारखा पाऊस गेला. आकाश भांडं घासून पालथं घातल्यासारखं लख्ख. शेजारपाजारच्या रानांतली रोपं माना टाकू लागली. नारायणरावांना इतका आनंद झाला की तो लपवताना त्यांच्या नाकी नऊ आले. सगळी वाडी आभाळाकडे बघून हळहळत होती आणि हा एक माणूस ढग नाहीत म्हणून मनातल्या मनात टाळ्या वाजवत होता. ते दर दोन-तीन दिवसांनी भोरहून खेटे घालू लागले.

पहिल्याच खेपेला त्यांच्या लक्षात आलं की रसाचे वाफे कोरडे ठणठणीत आहेत, पानं जराशी आखडलीत पण रोप ताठ उभं आहे. आणि कोऱ्या वाफ्याची माती ओली आहे.

"बनाबाई! पाणी कोणी घातलं?"

"म्या न्हाई घातलं. हंडा नेताना हिंदकळला."

"रोज हिंदकळतो?"

"वाट नीट न्हाई, मास्तर."

"आणि रोज इथंच हिंदकळतो?"

"वाटच हितनं हाय, त्याला म्या काय करू?"

मानसिंग बिडी विझवत म्हणाला, "मास्तर, लई मनावर घिऊ नका. बाईमानूस हाय, बघवत न्हाई तिला." नारायणरावांनी त्या वाटेवर करवंदीच्या काट्या टाकायला लावल्या. वाट पलीकडून वळवली. बनाबाईंनी तक्रार केली नाही, पण त्या दिवशी मास्तरांच्या चहात साखर नव्हती. चुकून राहिली असेल म्हणावं, तर सौदामिनीबाईंच्या चहात व्यवस्थित होती.

पुढच्या खेपेला वाफा आणखीनच ओला! चौकशी केली तर वेगळंच प्रकरण निघालं. बनाबाईंनी हापशावर बायकांना सगळं सांगितलं होतं. त्या वाफ्याचं नाव आता गावात 'सावत्र वाफा' पडलं होतं. रसाचे वाफे मास्तरांचे लाडके, आणि हे बिचारं सवतीचं लेकरू. त्यात अधिक महिना. हापशावरून परतणारी प्रत्येक बाई काट्या ओलांडून त्याला तांब्याभर पाणी घालून जात होती. सगळ्यात म्हाताऱ्या फुलाबाई तर तांब्या हातात असतानाच सापडल्या.

"आजी, पाटी नाही का वाचली?"

"मला वाचाया येत न्हाई, बाबा."

"मग मी सांगतो. पाणी घालायचं नाही."

"अधिकात तान्हेल्याला पानी दिल्याचं पुन्य लागतं."

"अहो आजी, ते रोप आहे!"

"मंग रोपाला तान लागत न्हाई व्हय?" असं म्हणून फुलाबाईंनी तांब्यातलं उरलेलं पाणीही शांतपणे ओतलं, वाफ्याला नमस्कार केला आणि नारायणरावांकडे अशा नजरेनं पाहिलं की तीस वर्षं ज्या माणसानं वर्गावर डोळे वटारले त्याला चपलांकडे बघावं लागलं.

आता बघा काय झालं ते. रसाचं रोप ताण सोसत होतं. पण ताण सोसणारं रोप हे काही दिसायला राजबिंडं नसतं. ठेंगणं, गडद, चिवट. आणि सावत्र वाफा? तो पुण्याईच्या पाण्यावर असा काही तरारला की अख्ख्या खोऱ्यात तेवढाच हिरवागार चौकोन. शेजारच्या वाडीतून माणसं बघायला येऊ लागली. येत, सावत्र वाफ्यासमोर उभी राहत, पानं चोळून बघत आणि विचारत, "मास्तर, ह्याला कंचं औशीद लावलं?"

"काहीच नाही लावलं! औषध त्या बाकीच्यांना लावलंय!"

मंडळी त्या बाकीच्यांकडे बघत, एकमेकांकडे बघत आणि जाता जाता म्हणत, "सांगत न्हाई गडी." नारायणरावांचा रक्तदाब, जो आजवर सोसायटीच्या अफवांतही आला नव्हता, तो खरोखरच वाढला असावा.

त्यातून सरकार आलं. कुमार मोटारसायकलवरून प्रात्यक्षिकाचा फोटो काढायला आला. नारायणराव नेमके मानसिंगच्या घरी जेवायला बसले होते. ते हात धुऊन येतात तो काय, कुमार झारीनं सावत्र वाफा शिंपतोय!

"अरे, अरे, अरे! काय करतोयस?"

"सर, फोटो वर जाणार. टवटवीत दिसाया हवा. वाफा वाळल्याला दिसला तर साहेब म्हणतील, कृषी सहाय्यक झोपला होता काय?"

"अरे पण तो वाळलेला दिसायला हवा! तोच तर प्रयोग आहे!"

"असा प्रयोग आमच्यात बसत नाही सर. आमच्यात सगळंच जगतं."

असं म्हणून त्यानं हिरव्यागार वाफ्याशेजारी नारायणरावांना उभं केलं, हातात पाटी दिली आणि फोटो काढला. पाटीवर 'पाणी घालू नये' आणि खाली पाणी निथळतंय. त्या फोटोखाली कुमारनं लिहिलं, 'किडीचा प्रादुर्भाव नाही.'

एवढंही नारायणरावांनी सोसलं. पण परतताना त्यांनी पाहिलं, की सौदामिनीबाई डबा विसळत होत्या आणि विसळलेलं पाणी इकडेतिकडे न टाकता पाच-सहा पावलं चालत जाऊन त्यांनी नेमकं सावत्र वाफ्यात टाकलं. घरची बायको! जिनं तह ठरवला ती! तेव्हा मात्र त्यांचा तोल सुटला.

"तूसुद्धा?"

"खरकटं पाणी होतं हो."

"खरकटं असो नाहीतर गंगाजल असो! पाणी ते पाणी!"

त्यांनी मानसिंगला सांगून सगळ्यांना देवळापुढं बोलावलं. आणि आयुष्यात प्रथमच या माणसानं शास्त्र बाजूला ठेवून सरळ सांगितलं. "हे बघा, रविवारी माझा मुलगा येतोय. हा वाफा मेलेला आणि ते वाफे जगलेले दिसले नाहीत, तर तो ही खाचरं तंबूवाल्याला देणार आहे. भात बंद. मानसिंगनं काय करायचं ते मानसिंगनं बघायचं. मला हे रान जाऊ द्यायचं नाही. माझ्या बापानं यातलं खाल्लं, मी खाल्लं. तुमच्या पाया पडतो, पण त्या रोपाला आता पाणी घालू नका हो." आणि पाया पडतो म्हणाल्याचाच राग येऊन ते शेवटचे शब्द खेकसले.

फुलाबाई म्हणाल्या, "आदी सांगायचं न्हाई व्हय?" आणि खरंच, त्या दिवसापासून कुणी पाणी घातलं नाही. बनाबाई हंडा घेऊन लांबच्या वाटेनं जाऊ लागल्या आणि वाफा आला की मान दुसरीकडे वळवू लागल्या. तरी विषाची परीक्षा नको म्हणून नारायणराव मानसिंगच्या पडवीत मुक्कामालाच राहिले. दिवसभर जांभळाखाली खुर्ची टाकून, डोक्यावर छत्री धरून राखण करायची.

ऊन बेफाम होतं. फाजील लाडावलेला सावत्र वाफा ताण सोसायला शिकलाच नव्हता. तो झपाट्यानं उतरू लागला. आधी शेंडे पिवळे पडले, मग पानं सुरळी होऊन सुईसारखी झाली. बाकीचे वाफे शेजारी ताठ उभे. निकाल लखलखीत! नारायणरावांना हर्ष व्हायला हवा होता. पहिल्या दिवशी झालाही थोडा. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची जरा तिरकी केली. तिसऱ्या दिवशी पूर्ण पाठ करून बसले आणि बनाबाईंनी "मास्तर, तिकडं काय बघताय?" असं विचारल्यावर "डोंगर" असं तुटक उत्तर दिलं.

रविवारी सकाळी मंदारची गाडी आली. संगतीला तंबूवालाही आला होता, कारण त्याला पावसाआधी जागा मोजून हवी होती. काळा चष्मा, कानाला मोबाईल, बूट पांढरे. नारायणरावांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि घसा साफ केला. हे भाषण त्यांनी तीन दिवस पाठ केलं होतं.

"मंदार, इकडे ये. हे बघ. सगळं बी एकच, माती एकच, पेरणी एकाच दिवशी. ह्या वाफ्यांना शेवग्याचा..."

तेवढ्यात तंबूवाला फोनवर बोलत बोलत बांधावरून खाली उतरला आणि त्याचा पांढरा बूट थेट सावत्र वाफ्यावर पडणार, तोच मंदार ओरडला, "अहो, अहो! तिकडून या! रोप आहे तिथं!"

तंबूवाल्यानं खाली पाहिलं. "हे होय? वाळलेलं गवत आहे हो. तसंही आपण सगळं काढूनच टाकणार."

"गवत नाही ते. भात आहे," मंदार म्हणाला. आवाज चढलेला होता. तो त्या वाफ्याशी उकिडवा बसला. एक सुरळी झालेलं पान त्यानं बोटानं उलगडायचा प्रयत्न केला, ते उलगडेना. मग, काही विचार न करता, पाठीवरच्या पिशवीतून त्यानं पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि भडाभडा वाफ्यात ओतायला सुरुवात केली.

"मंदार!" नारायणरावांची किंकाळी पलीकडच्या वाडीत ऐकू गेली असेल. "अरे काय केलंस? माझा प्रयोग!"

"अहो पण मरतंय ते!"

"मरायलाच ठेवलंय! तूच ठेवायला लावलंस! तुझंच कलम ते!"

मंदारनं वर पाहिलं. बाटली अजून तिरकीच होती. त्याच्या चेहऱ्यावर एकदम सगळं लख्ख झालं, आणि तरी त्यानं बाटली सरळ केली नाही. शेवटचा थेंब पडेपर्यंत तसाच बसून राहिला. बाकीच्या वाफ्यांकडे, जे शेवग्याच्या रसावर थेंबभर पाण्याशिवाय ताठ उभे होते, ज्यांच्यासाठी नारायणरावांनी शुगर, अनारसे, कीड आणि फुलाबाईंचे डोळे सोसले होते, त्यांच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. दुरून बनाबाई सगळं बघत होत्या. त्या हंडा खाली ठेवून पदरात तोंड खुपसून हसत होत्या की रडत होत्या, कळायला मार्ग नव्हता.

"मोजून घेऊ या का?" तंबूवाल्यानं विचारलं.

"नाही," मंदार उठून हात झटकत म्हणाला. "यंदा नाही जमणार. आणि पुढच्या वर्षीचंही नका धरू. हितं रोप लागलंय." लहानपणचं 'हितं' त्याच्या तोंडून कसं निसटलं ते त्यालाही कळलं नाही.

तंबूवाला बूट झटकत गाडीकडे गेला. नारायणराव तसेच उभे. रान राहिलं होतं, आणि शास्त्र पार बुडालं होतं. रसाचा गुण सिद्ध झाला नव्हता, तुलना उरली नव्हती, साक्षीदारानं कीड नसल्याचं लिहून दिलं होतं. जिंकलेल्या माणसाला इतका संताप आलेला कुणी पाहिला नसेल.

बाटलीच्या पाण्यानं जेमतेम एक कोपरा भिजला होता. मंदार त्या कोपऱ्याकडे पाहत होता, आणि मग उरलेल्या पिवळ्या रोपाकडे.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "बाकीच्याला?"

"बाकीच्याला तुझा बाप घालील!" नारायणराव गरजले, आणि छत्री फेकून बनाबाईंचा हंडा उचलायला धावले.